पिंपातले तांडेलकाका

आमच्या समोरच्या गॅलरीत एक माणूस रोज सकाळी निळ्या प्लास्टिकच्या पिंपात डोकं बुडवतो आणि पाण्याखाली शिव्या देतो.

शिव्या ऐकू येत नाहीत, दिसतात. साधा श्वास असेल तर बुडबुडे ओळीने, शहाण्यासारखे वर येतात. शिवी असेल तर अख्खं पिंप खदखदतं, पाणी काठावरून उडतं आणि खालच्या मजल्यावरच्या प्रधानबाईंच्या कपड्यांवर पडतं. मग प्रधानबाई सुरू होतात. त्या मात्र स्पष्ट ऐकू येतात. हा माणूस डोकं वर काढतो, दाढीतून पाणी निथळत असताना कठड्यावरून खाली वाकून ओरडतो, "पाणीच आहे हो! ॲसिड नाही!" आणि पुन्हा बुडतो.

हे सदानंद तांडेल. आमच्या सोसायटीचे तांडेलकाका. जन्म मालवणचा, आयुष्य गोदीत आणि समुद्रात गेलेलं, आणि मुक्काम मुलुंड पूर्वेला, जिथे समुद्र नाही. तिकडे डोंगर, इकडे मिठागरं, मध्ये आम्ही. पाणी बघायचं तर खाडीचा चिखल नाहीतर सोसायटीची टाकी. काका मात्र पाणबुडे होते. जहाजांची पोटं खरवडायची, जेट्टीचे खांब तपासायचे, समुद्रात पडलेलं कायकाय शोधून वर काढायचं, असं काम. आता ते पाण्यात जात नाहीत. आता ते घरी बसून पाणबुड्यांचे रेग्युलेटर दुरुस्त करतात.

या 'रेग्युलेटर' शब्दावरूनच आमची ओळख झाली आणि पहिलं भांडणही.

मी इथे नवीन राहायला आले तेव्हा हॉलमधला पंखा पाचावर अडकला होता. बंदही होईना, हळूही होईना. वॉचमन म्हणाला, "ए विंगमध्ये तांडेलकाका आहेत ना, ते रेग्युलेटरचंच काम करतात." मी इलेक्ट्रिशियनकडून ते बटण काढून घेतलं, पिशवीत घातलं आणि गेले. दार उघडलं एका उंच, काळ्यासावळ्या, पांढरी दाढी वाढलेल्या माणसाने. आत डायनिंग टेबलवर स्वच्छ पांढरा टॉवेल अंथरलेला, त्यावर पितळेची बारीक हत्यारं मांडलेली. मला वाटलं, बाई, काय व्यवस्थित कारागीर आहे.

त्यांनी माझं बटण हातात घेतलं. उलटं केलं. सुलटं केलं.

"हे काय आहे?"

"रेग्युलेटर."

"कोणाचा?"

"हॉलमधला."

"ह्यातून कोण श्वास घेतो?"

मला प्रश्नच कळला नाही. "कोणी नाही," मी म्हटलं.

"मग माझ्याकडे कशाला आणलात?"

धाडकन दार बंद. मी जिन्यापर्यंत गेले असेन, तेवढ्यात दार परत उघडलं. "आणि पाचावर अडकला तर राहू दे की! हवाच येतेय ना?" परत धाडकन.

मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "समोर एक वेडा राहतो." नवरा म्हणाला, "सगळ्याच सोसायट्यांत असतो." आमच्यापुरता तो विषय संपला होता. पण समोरासमोर गॅलऱ्या असल्या की कुठलाच विषय संपत नाही.

हळूहळू मला त्या धंद्याची माहिती झाली, कारण काका जे काही करायचे ते ओरडून करायचे. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा भयंकर दाबाने भरलेली असते. ती तशीच तोंडात सोडली तर माणूस फुटेल. म्हणून सिलिंडरवर एक पितळी ठोकळा बसवतात, तो दाब कमी करतो. काका त्याला 'डोकं' म्हणतात. तिथून नळी येते ती दातांत धरायच्या वाटीपर्यंत. ते 'तोंड'. माणसाने ओढलं की तोंडाने हवा द्यायची, थांबलं की थांबायचं. एवढंच काम. पण मीठ साचतं, रबर सुकतं, आत हिरवं धरतं, आणि मग डोकं नाहीतर तोंड बिघडतं. काका सगळं सुटं करायचे, धुवायचे, नवी रबरी कडी घालायचे, पुन्हा जोडायचे आणि पिंपात डोकं बुडवून स्वतः श्वास घेऊन बघायचे. भिंतीवर फूटपट्टीला एक पारदर्शक नळी वाकवून बांधली होती, तिच्यात कुंकू कालवलेलं पाणी. श्वास ओढायला किती जोर लागतो ते त्या लाल पाण्यावर दिसतं. देवधर सेक्रेटरींच्या आईला ती नळी दिसली आणि काका करणी करतात अशी बातमी आठवडाभर बिल्डिंगमध्ये फिरली. काकांना ती फार आवडली. "बरं आहे," म्हणाले, "घाबरू देत. वर येणार नाहीत."

डोकं आणि तोंड हे शब्द ते माणसांनाही लावायचे. देवधरांविषयी त्यांचं मत, "डोकं ठीक आहे, तोंड गळतं." प्रधानबाईंविषयी, "तोंड ओपन राहिलंय, स्प्रिंग गेली." माझ्याविषयी काय मत होतं ते मी कधी विचारलं नाही.

गिऱ्हाईकांवर तर ते इतके चिडायचे की लोक परत येतातच कसे याचं मला नवल वाटायचं. अंधेरीच्या एका हौशी मुलाने रबराच्या कडीला खोबरेल तेल लावलं होतं. काका फोनवर, गॅलरीत उभे राहून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं, "केसांना लाव! केसांना! आणि केस नसतील तर देवाला लाव! माझ्या रबराला लावशील तर तुका पिंपात बुडवीन, मेल्या!" राग मावला नाही की ते मालवणीत शिरायचे.

दुसरा एक पवईचा. त्याने सगळा सेट टोपण न लावता माळ्यावर टाकला होता. काकांनी तोंड उघडलं तर आत झुरळ. मेलेलं नाही, चांगलं नांदत असलेलं. काकांनी त्याला चिमट्यात धरलं आणि गिऱ्हाईकाला व्हिडिओ कॉल लावला.

"हा बघ. ओळखलास? हा तुझा पार्टनर. याला घेऊन तू समुद्रात जाणार होतास."

पलीकडून बारीक आवाज आला, "सॉरी काका."

"पाण्याखाली सॉरी ऐकू येत नाही!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा तरी यायचं. लिफ्टचा दरवाजा उघडा ठेवणाऱ्याला, दूध उशिरा आणणाऱ्याला, रिक्षा अंगावर घालणाऱ्याला. दूधवाल्याने एकदा विचारलं, "काका, पाण्याखाली दूध कोण पितं?" तर त्याला महिनाभर दारात उभं केलं नाही.

आता माझ्या रागाविषयी. मी विमा कंपनीत क्लेम्सच्या विभागात आहे. अलीकडे आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं. संध्याकाळी माझे कॉल असतात आणि नेमकं संध्याकाळीच काकांच्या घरातून आवाज सुरू व्हायचा. फुस्स्स्. थांबायचा. खुडबुड. पुन्हा फुस्स्स्. मधूनच 'आयशीचो घो!' पुन्हा फुस्स्स्. कुकर असता तर शिट्ट्या मोजून बंद तरी झाला असता. एकदा वरिष्ठांसमोर मी बोलत होते, काकांनी लांबलचक फुस्स्स् सोडली, आणि साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही टायरच्या दुकानातून बोलताय का?"

मी लॅपटॉप आपटला आणि तरातरा गेले. मनात सगळं तयार होतं. दार उघडताच मी "हे बघा" म्हणेपर्यंत काकांनी माझ्या हातात एक वाटी दिली.

"तोंडात धरा. ओढा."

"मी भांडायला आलेय."

"भांडा ना, आधी ओढा. धुतलेलं आहे."

माणूस इतक्या अधिकाराने बोलला की मी ओढलं. गार, कोरडी हवा आली. घशातून खाली जाताना कळलीसुद्धा नाही.

"जड की हलकी?"

"हलकी."

"किती हलकी?"

"नेहमीसारखी."

"नेहमीसारखी?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. हत्यारं उडाली. "नेहमीसारखी कोणाला पाहिजे? नेहमीपेक्षा हलकी पाहिजे! तुम्हाला श्वास घेताना कळतं का, आपण श्वास घेतोय? नाही ना? तसं पाहिजे!"

"मग करा की तसं! आवाज कशाला करता?"

"तसं केलं की गळतं! गळलं की आवाज येतो! एवढं सोपं असतं तर आतापर्यंत केलं नसतं?"

आम्ही दोघं चांगलं पाच-दहा मिनिटं एकमेकांवर ओरडलो. मी घरी आले तेव्हा माझा राग उतरला होता आणि कॉलही संपला होता. आवाज मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

शेवटी प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. देवधरांनी विषय मांडला, 'घरात स्फोटक वस्तू बाळगणे.' खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. विम्यातली म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. काका आले ते खांद्यावर सिलिंडर घेऊन. गोधडीत गुंडाळलेला, तान्ह्या बाळासारखा. तो त्यांनी बरोब्बर मधोमध उभा केला. पहिल्या रांगेत मी एकटी उरले.

"हा स्फोटक?" काका म्हणाले. "ह्यात गॅस नाही. हवा आहे. तुमच्या घरात असते तीच."

"मग दाबून का भरलीय?" देवधर लांबून.

"पाण्याखाली दुकान नसतं म्हणून!"

"पण फुटला तर?"

"दरवर्षी तपासून आणतो. तुमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर शेवटचा कधी तपासलात? त्याची नळी बघितलीय मी. माकडाच्या शेपटीसारखी झालीय. आधी ती बदला, मग माझ्याशी बोला."

"विषय माझ्या नळीचा नाहीये, तांडेल!"

"विषय नळीचाच असतो!" काका गरजले, आणि बोलता बोलता त्यांनी सिलिंडरची चावी जराशी फिरवली. देवधरांच्या हातातले सगळे कागद उडून प्रधानबाईंच्या गाडीखाली गेले. ते गोळा करेपर्यंत चहा आला, चहाबरोबर वडे आले, आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. पुढची मीटिंग अजून झालेली नाही. देवधरांनी नळी मात्र बदलली. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं, हळूच.

त्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, माझी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेली दाढी, चेहरा नेहमीपेक्षा रागीट.

"मी विनंती करायला आलोय," ते म्हणाले. "मध्ये बोलू नका, नाहीतर माझं डोकं फिरेल."

"या ना आत."

"तुमची बहीण मागच्या टॉवरमध्ये राहते."

"हो."

"तिथे स्विमिंग पूल आहे."

"आहे."

"मला पाहिजे."

"पूल?"

"अख्खा नको! एक कोपरा. छातीएवढ्या पाण्याचा. एक दुपार."

"पण कशाला?"

"ते तुम्हाला काय करायचंय?" ते ओरडले. मग आपण विनंती करायला आलोय हे त्यांना आठवलं असावं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. "एक मित्र आहे. त्याला पाण्यात न्यायचंय."

"मग मढला न्या, गोराईला न्या. एवढा समुद्र आहे आपल्याला."

"व्हीलचेअर वाळूत रुतते," काका म्हणाले.

मी चहा टाकला. काका चहाच्या कपाकडे बघत बोलले. पहिल्यांदाच मी त्यांना ओरडल्याशिवाय बोलताना ऐकत होते, आणि ते मला ओरडण्यापेक्षा अवघड वाटत होतं.

मित्राचं नाव आगुस्तीन. मरोळ गावठाणातला. दोघं एकाच ठेकेदाराकडे पाणबुडे. एकमेकांशिवाय पाण्यात उतरायचे नाहीत. एकदा बाहेर समुद्रात एका बोटीचा नांगर अडकला, तो सोडवायचं काम होतं. आगुस्तीन खाली जाणार, काका वर बोटीवर थांबणार.

"सकाळी त्याचा सेट मी लावून बघितला," काका म्हणाले. "श्वास जड येत होता. आत कायतरी अडकत होतं. मी ठेकेदाराला सांगितलं, हा सेट नको. तो म्हणाला, तांडेल, आजचा दिवस काढा, उद्या नवीन आणतो."

त्यांनी कप बशीत ठेवला.

"मग?"

"मी 'बरं' म्हटलं."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. काकांनी एरवी त्याच्यावर ओरडायची संधी सोडली नसती.

"चिडलो नाही गो. आयुष्यात एकदाच चिडलो नाही. दमलो होतो, ऊन होतं, तो गोड बोलत होता. म्हटलं, बरं."

खाली आगुस्तीनची हवा बंद झाली. खोल पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसाने हळूहळू, थांबत थांबत वर यायचं असतं. हवाच नाही म्हटल्यावर तो कसला थांबतो? सुसाट वर आला. सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे बुडबुडे अंगात झाले. आगुस्तीनच्या मणक्यात झाले. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं, आणि छातीची ताकदही निम्मी गेली. ठेकेदार हॉस्पिटलात आला होता. संत्री घेऊन. सॉरी म्हणाला.

"किती दिवसांपासून आगू मागे लागलाय, सद्या, मना एकदा पाण्यात ने. त्याच्या डॉक्टरीणबाई आता हो म्हणाल्या. उथळ पाण्यात, दोन माणसं धरायला असतील तर. पण त्याला फुगासुद्धा फुगवता येत नाही. साधा सेट त्याला ओढवणार नाही. त्याच्या नुसतं मनात आलं पाहिजे की हवा आली पाहिजे." मग माझ्याकडे बघून, परत जुन्या आवाजात, "तेच करत होतो मी संध्याकाळी! तुम्हाला वाटलं, टायरचं दुकान आहे!"

मी ज्या ठेकेदाराला कधी बघितलं नाही, ज्याचं नावही मला माहीत नाही, त्याचा मला इतका राग आला की हातातली बशी मी बेसिनमध्ये आपटली. फुटली. काका म्हणाले, "चांगली होती," आणि उठून गेले.

रविवारी दुपारी, पूल रिकामा असतो तेव्हा, आम्ही टॉवरच्या फाटकाशी होतो. टॅक्सीतून आगुस्तीन उतरला, म्हणजे काकांनी त्याला उचलून खुर्चीत बसवलं. गोल पोट, भरघोस मिशी, डोक्यावर टोपी, चेहराभर हसू. बरोबर त्याची बहीण रोझी, हातात टॉवेलांची पिशवी.

"ही कोण?" आगुस्तीनने विचारलं.

"शेजारीण. पूल हिचा."

"माझ्या बहिणीच्या सोसायटीचा," मी म्हटलं.

"देव तुझं भलं करो, बाई. हा तुझ्याशीपण भांडतो?"

"रोज."

"मग तू त्याला आवडतेस. ज्याच्याशी भांडत नाय ना, त्याला तो माणूसच समजत नाय."

पूलच्या दारात मॅनेजर उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. त्याने आधी खुर्चीकडे बघितलं, मग सिलिंडरकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, हे अलाउड नाही."

"काय अलाउड नाही?"

"हे," तो म्हणाला. त्याच्या हातवाऱ्यात सिलिंडर, खुर्ची आणि आगुस्तीन तिघंही आले. "टाइल्स फुटतील. चाकांनी डेक खराब होतो. आणि कॉस्च्यूम कंपल्सरी आहे."

"कॉस्च्यूम आहे!" आगुस्तीनने अंगावरचा टॉवेल बाजूला केला. आत भडक लाल चड्डी होती. "नवीन घेतली!"

"तसं नाही काका. पेशंट लोकांना आम्ही घेत नाही. काही झालं तर लायबिलिटी कोणाची?"

मी तांडेलकाकांकडे बघितलं. मला वाटलं आता हा मॅनेजर शिट्टीसकट पाण्यात जाणार. पण काका गप्प होते. दोन्ही हातांनी व्हीलचेअरची मूठ घट्ट धरून नुसते उभे होते. आज भांडण झालं तर आजचा दिवस जाईल, आणि आगूला तसंच परत न्यावं लागेल. म्हणून ते गिळत होते. गळ्याची शीर ताडताड उडत होती. तो ताठ, गप्प माणूस बघून माझंच डोकं फिरलं.

"लायबिलिटी?" मी म्हटलं. "हा शब्द मी रोज ऑफिसात ऐकते. दिवसभर ऐकते. मला सांगू नका. बहीण मेंबर आहे, तिने गेस्टची सही केलीय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट हे. धरायला माणसं ही. आता तुम्ही एक करा. या माणसाला पाण्यात का जाऊ देत नाही ते कागदावर लिहा, खाली तुमचं नाव घाला, सही करा आणि माझ्या हातात द्या. पुढचं मी बघते कुठे न्यायचं ते. लिहा! पेन देऊ?"

माझा आवाज पूलच्या भिंतींवर आपटून चौपट होऊन परत येत होता. वरच्या गॅलऱ्यांतून दोन-चार डोकी बाहेर आली. एका गॅलरीत माझी बहीण होती. तिने कपाळावर हात मारला.

मॅनेजर मागे सरकला. "अर्धा तास," तो म्हणाला. "त्यानंतर मुलांची बॅच आहे."

"झकास!" आगुस्तीन म्हणाला. मग तांडेलकाकांना, "सद्या, ही तुझी शिष्या काय रे?"

काकांनी सिलिंडर खाली गोधडीवरच ठेवला, टाइलला लागू दिला नाही. आगुस्तीनच्या पायांत जाड मोजे चढवले, तळाला पाय घासले तर त्याला समजणार नाही म्हणून. मग त्याला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या उतरले. रोझी एका बाजूने पाण्यात, काका समोर. पाण्यातच त्यांनी काठावरचा सिलिंडर आगुस्तीनच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधला. मी काठावर, पाय पाण्यात सोडून.

"आगू, ओढ."

आगुस्तीनने तोंड दातांत धरलं. ओढलं. त्याची भुवई वर गेली. परत ओढलं. वाटी काढून तो काकांकडे बघत राहिला.

"जड आहे?" काकांचा आवाज फाटला. "बोल ना! जड आहे का?"

"मना वाटलं, मी अजून ओढलंच नाय," आगुस्तीन म्हणाला.

काकांनी त्याची टोपी काढून माझ्याकडे भिरकावली, त्याला मास्क बसवला, त्याच सिलिंडरची दुसरी नळी स्वतःच्या दातांत धरली आणि दोघं खाली गेले.

पाणी स्वच्छ होतं, मला सगळं दिसत होतं. काका गुडघ्यांवर, तळाशी. आगुस्तीन त्यांच्यासमोर, पाण्यात आडवा. काकांनी त्याचे पट्टे धरले होते आणि ते मागे मागे सरकत होते, लहान मुलाला चालायला शिकवतात तसे. आगुस्तीनच्या तोंडातून बुडबुडे येत होते, बारीक आणि जवळजवळ. काकांचे मोठे आणि सावकाश. खदखद कुठेच नव्हती. मग आगुस्तीनने हात मारायला सुरुवात केली आणि काकांनी एका हाताची पकड सैल केली. तो पुढे सरकला. मागे त्याचे पाय येत होते, लाल चड्डीतून निघालेले, मोज्यांतले, हलके. पाण्यात ते इतर कोणाच्याही पायांसारखे दिसत होते.

रोझी छातीएवढ्या पाण्यात उभी राहून रडत होती आणि रागावतही होती. "घरी बाथरूममध्ये नेताना मना घाम फुटतो," ती म्हणाली, "आणि हा बघ! हा बघ कसा चाललाय!"

वर आल्यावर आगुस्तीनने पहिली तक्रार केली. "सद्या, मास्क गळतो तुझा."

"मास्क नाय गळत! तुझी मिशी गळते! सतरांदा सांगितलं, काप म्हणून!"

"मिशी नाय कापणार."

"मग पी पाणी!"

दोघं पाण्यातच उभं-आडवं भांडले आणि पुन्हा खाली गेले. असं अर्धा तास. मॅनेजर घड्याळ बघत होता, पण जवळ आला नाही.

वेळ संपली. काकांनी आगुस्तीनला बाहेर काढून खुर्चीत बसवलं. रोझीने त्याला टॉवेलांत गुंडाळलं. तो कुडकुडत होता, हसत होता, पुढच्या रविवारची आखणी करत होता. काका स्वतः ओलेच खाली बसले. आगुस्तीनचा एक पाय मांडीवर घेतला. मोजा हळूच सोलून काढला आणि कोरड्या पंच्याने पाय पुसू लागले. आधी टाच, मग तळवा. मग एकेक बोट धरून त्याच्या सांदीतलं पाणी टिपायला लागले. घाई नाही. एखाद्या बारीक झडपेवरचं मीठ टिपावं तसे.

बॅचची मुलं दारात गोळा झाली होती. मॅनेजर आला.

"काका, आटपा ना जरा. एवढं काय पुसताय? त्यांना तसंही पायाला काही कळत नाही ना."

रोझी थांबली. आता काय होणार म्हणून मी उठायच्या तयारीत होते.

तांडेलकाकांनी मान वर केली नाही.

"मला कळतं," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी पुढचं बोट हातात घेतलं.